वीस-पन्नास

द्वारका सर्कलपाशी, चोरडियांच्या दुकानात
पोरानं सहा डबे मांडले काउंटरवर,
सहाही डब्यांवर घाटातून धावणारी एकच लाल गाडी.
"मावशी, हे न्या. फुल्ली सिंथेटिक. पाण्यासारखं पळतं."
म्हटलं, पाण्यासारखं पळणारं
आमच्या नळालाही येतं, पावणेसहाला.
माझ्या इंजिनात टिकेल काय, ते सांग.

गाडी एकोणनव्वदची. प्रीमियर एकशेअठरा.
देवळालीच्या एका दातांच्या डॉक्टरकडून
चौऱ्याण्णवला घेतली, ओव्हरटाइमच्या पैशांतून.
तेव्हा कॉलनीतली माणसं गॅलरीत यायची
बाई रिव्हर्स कसा घेते बघायला.
आताही थांबतात. पण गाडी बघायला.

तेवीस वर्षं नाशिकरोडला, प्रेसमध्ये, शाईखात्यात काढली मी.
दाटपणा मला कुणी शिकवू नये.
अंगठा आणि तर्जनीत थेंब धरायचा,
बोटं सावकाश लांब करायची,
तार कुठं तुटते ते बघायचं.
पाकाचंच शास्त्र. एकतारी, दोनतारी.
पुढं मोजायची यंत्रं आली, तरी आमचे कोठुळेसाहेब
आधी डोळे मिटून बोटं चोळायचे,
मग यंत्राला विचारायचे, हं, तुझं काय म्हणणं?

तरी याकोबकडे गेले.
शरणपूर रोडच्या मागं, चिंचेखाली गॅरेज. पाटी नाही.
त्यानं डिपस्टिक काढली, पुसली, घातली,
परत काढली, नाकाशी नेली.
"पेट्रोलचा वास नाही. बरंय."
मग ना कंपनी विचारली, ना भाव:
"बाई, गाडी आता जाते कुठं?"

मी म्हणणार होते कसारा घाट.
वणी, सापुतारा. जीभ तयारही झाली होती.
म्हटलं, भाजीला. बँकेत.
गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात.
महिन्यातून एकदा गंगापूर धरण. तिथून परत.

तो हसला नाही.
"मग ऐका. वय झालं की बेअरिंगमध्ये फट पडते.
पातळ तेल त्या फटीतनं निसटतं,
इंजिन तापलं की सिग्नलला दिवा लुकलुकतो.
आणि हे नवं तेल साफसफाई फार करतं.
तीस वर्षांची काजळी सीलला धरून बसलीय,
तिलाच धुऊन काढलं, की गळती सुरू.
काही घाणच टेकू असते, बाई."

(हे मी लिहून ठेवलं, वाण्याच्या यादीच्या पाठीमागं.
खाली साबुदाणा, अर्धा किलो.)

"वीस-पन्नास घाला. साधं, मिनरल.
गाडी फिरो न फिरो, वर्षाला बदला."
आणि थंडीत? डिसेंबरात निफाडला दवाचा बर्फ होतो,
आमच्या पार्किंगमध्ये टॅपेटचे दात वाजतात.
"थंडीत तेल उशिरा उठतं. तुम्ही नाही उठत?
चालू करा, दोन मिनिटं बसा. रेस द्यायची नाही."

घरी निहारचा खोका येऊन पडलेला, बंगळुरूहून,
वाढदिवसाचा. शून्य-वीस, चार लिटर.
झाकण उघडून बोटांत थेंब घेतला. तार नव्हतीच.
सुंदर तेल, कोवळ्या मधाच्या रंगाचं,
कुणाच्या तरी नव्या गाडीचं.
फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं, शिलाई मशीनला,
वॉचमन पगारेच्या सायकलच्या चेनला.
फोनवर सांगितलं, घातलं रे.
कशात, ते त्यानं विचारलं नाही.

आज आठ अंश. पावणेसात.
किल्ली फिरवली. टॅपेट वाजायला लागले,
समोर लाल दिवा, किटलीच्या चित्राचा.
तळातून तेल वर निघालं असणार,
गुडघ्यावर हात टेकत, एकेक पायरी.
मी स्टिअरिंग धरून बसले. पाय पेडलवरून काढून.
दिवा विझला. आवाज बसत गेला.
पगारे फाटक उघडून उभा, फाटक जराही न करकरता.
हातानंच म्हटलं, थांब.
अजून दोन मिनिटं व्हायचीत.